ओलं व्हार्निश

(टास्मानियात ह्यूऑन नदीच्या काठावर होड्या बांधायची जुनी शेड. गुरुवार, दुपार. डेस सत्तरीचा, नोला त्याची बायको, त्याच्याहून एक वर्षानं मोठी.)

नोला : परत वाजवते. कान दे. …ऐकलंस?

डेस : ऐकलं की.

नोला : काय ऐकलंस?

डेस : ठप.

नोला : ठप! बटाट्याचं पोतं जमिनीवर आपटल्यावर येतो ना, तो आवाज. परवा जॉयसच्या शवपेटीशेजारी बसून मी काय बटाटे उतरवत बसू?

डेस : नवीन आहे. बसेल हळूहळू.

नोला : नवीन? चौसष्ट सालचा ड्रम आहे हा. तीन हंगाम सफरचंदं तोडली मी याच्यासाठी.

डेस : मी केलाय ना नवीन. व्हार्निशचे सात हात दिलेत. आतून तीन, बाहेरून चार. वाकून बघ, तोंड दिसतं तुझं.

नोला : तोंड बघायला घरात आरसा आहे. त्यातही काही फार बरं दिसत नाही. भोक कुठंय?

डेस : कुठलं भोक?

नोला : इथलं. या पितळी बिल्ल्याच्या मधलं. करंगळीएवढं.

डेस : ते होय! बुजवलं.

नोला : बुजवलं.

डेस : भोकात लांबी भरली, काचपेपर मारला, वरून बिल्ला चिकटवला. चारही ड्रमना होतं. कुठल्या गाढवानं पाडली होती कोण जाणे.

नोला : कारखान्यानं पाडली होती, डेस.

डेस : चांगल्या लाकडाला? कशाला?

नोला : हवा जायला! वर काठी पडली की आतल्या हवेनं कुठं जायचं?

डेस : हवा गेली की पाणी येतं.

नोला : मी त्यात बसून ब्रूनी बेटावर निघालेली नाही!

डेस : हे बघ, पन्नास वर्षं होड्या बांधल्या मी. भोक दिसलं की हात आपोआप जातो.

नोला : हे तू मला सांगतोस? जिथून म्हणून काही बाहेर पडू शकतं, तिथं तू लांबीचा गोळा घेऊन हजर.

डेस : आता हे कशावरून निघालं?

नोला : कशावरूनही नाही. वरचं निळं कुठं गेलं? चमचमणारं?

डेस : ते प्लॅस्टिक? सोललं. गरम हवा मारली, संत्र्यासारखं आलं हातात. आणि खाली बघ काय निघालं! महोगनी! एवढं देखणं लाकूड झाकून ठेवलं होतं त्या बेअकलींनी.

नोला : आणि साल?

डेस : कचऱ्यात. सोमवारच्या गाडीत गेली.

नोला : तिच्यावर डाग होते.

डेस : होते ना, जळके. म्हणून तर काढली.

नोला : ते जॉयसचे होते. अकॉर्डियनला दोन्ही हात लागतात, म्हणून बाई पेटती सिगारेट माझ्या ड्रमच्या कडेवर ठेवायची आणि गाणं संपेपर्यंत विसरायची. एकेक डाग ओळखीचा होता माझ्या. हा फ्रँकलिनच्या हॉलमधला, हा गीव्हस्टनचा, तो मोठा सफरचंदांच्या शेडमधला, पहाटे चारपर्यंत नाचवलं होतं आम्ही लोकांना. बरं झालं. परवा सांगते तिला, बाई गं, तुझी सिगारेट एकदाची विझली. माझ्या नवऱ्यानं विझवली.

डेस : मला कुणी सांगितलं होतं?

नोला : तू विचारलंस?

डेस : तुझ्यासाठीच केलं, नोला. तीन आठवडे. गुडघ्यावर बसून.

नोला : माझ्यासाठी करायचं तर मला विचारायचं असतं. कुत्र्याला आंघोळ घालतोस तेव्हासुद्धा जास्त विचारतोस. हॉस्पिटलात जॉयसनं माझा हात धरला तेव्हा तू बाजूलाच होतास ना? काय म्हणाली ती?

डेस : स्तोत्रं नकोत.

नोला : पुढं?

डेस : नाचाची गाणी वाजवा. ड्रमवर नोलाच हवी.

नोला : व्हार्निशबद्दल काही म्हणाली?

डेस : नाही.

नोला : मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मोठा ड्रम कुठंय? तो तरी बघू कसा मेलाय.

डेस : त्याला हात लावू नको.

नोला : का?

डेस : शेवटचा हात सकाळीच मारलाय. या हवेत मंगळवारपर्यंत काही वाळत नाही.

नोला : मंगळवार. उत्तम. जॉयसला म्हणते, थांब गं चार दिवस, नाहीतरी तुला कुठं जायचंय.

डेस : मी काय करू? ओलं म्हणजे ओलं.

नोला : हे वाक्य मी ऐकलंय. याच शेडमध्ये. त्र्याहत्तर साली.

डेस : नोला, ते नको.

नोला : लग्नाला चार महिने झाले होते. मेलबर्नला तीन महिन्यांचं काम आलं; जॉयस, रेक्स आणि मी, आमच्या अख्ख्या बँडला. डेव्हनपोर्टहून गुरुवारची बोट. ड्रम इथं आत, त्या कोपऱ्यात, आणि दारात आडवी तुझी तीस फुटी होडी. "ओलं आहे, नोला, हलवली तर सगळं काम वाया." मीही शहाणी! नवऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या कष्टावर पाणी नको म्हणून गप्प बसले. ती दोघं गेली. तिकडचा कुणी पोरगा धरला ड्रमला. तीन महिन्यांची सहा वर्षं झाली त्याची. आणि माझ्या ड्रमवर तू रंगाचे डबे रचलेस.

डेस : ताडपत्री घातली होती आधी.

नोला : हो, उपकार झाले. सरक. बघू दे किती ओलं आहे ते.

डेस : अंगठा नको! नोला! …लावलास. लावलासच. बघ, ठसा उठला.

नोला : अगं बाई. खरंच ओलं आहे की.

डेस : मग मघापासून काय सांगतोय! या वेळी खरंच ओलं आहे.

नोला : या वेळी.

डेस : म्हणजे, आता…

नोला : नाही, बोल ना. या वेळी.

डेस : शब्दांत पकडू नको.

नोला : होडी कधी वाळली होती, डेस?

डेस : एवढं जुनं कुणाला आठवतं?

नोला : तुला. माझा वाढदिवस आठवत नाही, पण तुझ्या प्रत्येक होडीची फळी अन् फळी आठवते. कधी?

डेस : सोमवारी.

नोला : बोट गुरुवारी होती.

डेस : हो.

नोला : पण मी रोज बघत होते तुला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून. ब्रश घेऊन उभा होतास. बुधवारीसुद्धा.

डेस : कोरडा होता.

नोला : काय?

डेस : ब्रश. कोरडा ब्रश फिरवत होतो. तू खिडकीत आलीस की.

नोला : तीन दिवस.

डेस : गेली असतीस तर परत आली नसतीस.

नोला : आले असते, गाढवा! तीन महिन्यांनी. आई इथं होती, माझे कपडे इथं होते. तूही इथंच होतास, दुर्दैवानं.

डेस : तेव्हा नाही कळलं.

नोला : आणि नंतर? शेहेचाळीस वर्षांत एखाद्या मंगळवारी?

डेस : सांगितलं असतं तर तेव्हा कायमची गेली असतीस.

नोला : हं. हे मात्र बरोबर ओळखलंस.

डेस : …आता काय करू सांग.

नोला : गिरमिट काढ.

डेस : कशाला?

नोला : चार भोकं. बिल्ल्याच्या मधून, होती तिथंच.

डेस : व्हार्निश तडकेल. कडेनं चिरा जातील, नोला. सात हात आहेत. असं काम मी माझ्या स्वतःच्या होडीवर नाही केलं.

नोला : मग आण, मी पाडते. गिरमिट धरलं की माझा हात थरथरतो, ठाऊक आहे ना? काठी धरल्यावर नाही थरथरत.

डेस : नको, मीच पाडतो. ड्रम दे इकडे. …घट्ट धर. खालून.

नोला : धरलाय.

डेस : बाप असता तर हात तोडला असता माझा. धडधाकट लाकूड—

नोला : बोलू नको. फिरव.

डेस : …गेलं. आरपार.

नोला : भुसा फुंक. थांब, उठू नको. तळवा धर भोकासमोर.

डेस : असा?

नोला : आणखी जवळ. हं. आता ऐक.

डेस : अरे!

नोला : काय झालं?

डेस : वारा लागला. हाताला. परत मार बघू. …एवढा वारा असतो आत?

नोला : असतो. उरलेली तीन संध्याकाळपर्यंत पाड. मोठा ओलाच न्यायचा परवा, माझ्या अंगठ्यासकट.

डेस : व्हॅनमध्ये गाद्या टाकतो खाली.

नोला : आणि पुढच्या रविवारपासून होबार्टला वाजवायला जाणार, रेक्सबरोबर. दर रविवारी. मी विचारत नाहीये.

डेस : दर रविवारी?

नोला : भोकावरचा हात काढ, डेस.