निजवलेला राखण्या

…न्हाई हो डाक्टर, टायगरला घेऊन शेताकडं गेल्यात केशरक्का, येतीलच. तवर आमच्या सोप्यावर टेका. तुमच्यासाठी जीप धाडली म्हणं जोयड्याला? कुत्र्यासाठी जीप! जन्मावं तर केशरक्काच्या दारात, कुत्रं होऊन. आमची तुळजा दीड वर्साची — कोपरात, गुडघ्यामागं खाजवून खाजवून रगत काढायची. तिच्यासाठी कुणी सायकलबी धाडली न्हाई.

व्हय, टायगर परत खाजवाय लागलाय. का ते मला काय ठाऊक? मी आपली तिथं भात कांडायला जाते. गोळी तेवढी मी देते रोज — केशरक्काच्या हातनं थुंकतो, माझ्या हातनं गिळतो, मग ती माझ्यावरच फुगून बसती! पोरबाळ न्हाई, त्या कुत्र्याच्या गळ्यात मखमलीचा पट्टा. माझी पोर जुन्या लुगड्यावर.

ध्यानात हाय की तुमचं बोलणं. मागल्या खेपंला मुसळ थांबवून ऐकत होते. अंगात एक राखण्या आसतो म्हणालात — शेतातल्या माळ्यावर बसून रात्री रानडुकरं हाकलणाऱ्यावानी. टायगरचा राखण्या येडा झालाय, डुकरं सोडून आपलंच भात तुडवतोय. ही गोळी त्याला निजवती, मग खाज थांबती. केशरक्का नुसती मान हलवत होती. मला कळलं. सातवी शिकलीय मी, खानापुरात. तुमचं पुढचं बोलणं तेवढं ऐकायचं ऱ्हायलं — तुळजा रडाय लागली, मी उठून आले.

देते की, रोज देते. भाकरीच्या तुकड्यात घालून, अर्धी — म्हणजे, मोठी आसती हो गोळी, घशात अडकती, म्हणून… उरलेली? उरलेली उंदरं नेत आसतील.

तुळजा? ती बरी हाय आता! कातडी कशी लोण्यावानी झालीय, गाल फुगलेत, सारखं खायाला मागती. केशरक्का बघून म्हणाली, काय लावलंस गं? म्हटलं, करंजाचं तेल. तोंड बघायचं होतं तुम्ही तिचं! एवढ्या वर्सांत पैल्यांदा तिनं माझ्या पदरातल्या पोरीकडं तसं बघितलं, जसं मी तिच्या दाराकडं बघते. मग काय, घरोघर मिरवून आणली पोरीला. शेजारच्या फुलाकडं तर दुपारभर बसले, तिच्या पोरांच्यात सोडून.

गोवर? हाय की फुलाच्या पोरांना. तवा नुसतं नाक गळत होतं, पुरळ मागनं उठला. का?

…काय म्हणालात? राखण्या निजला की डुकरं… गोवरबी त्यातलाच? हे सांगितलं व्हतं तुम्ही? केशरक्काला सांगितलं?

मला कळाय नको व्हय हे — माळ्यावर रात्री काढलेल्या बाईला? राखण्याला डुलकी लागली त्या सालचं भात बघितलंय मी, एक लोंबी उभी नव्हती. एवढं कसं…

असं बघू नका. अर्धीच दिली हो. रोज अर्धी, गुळात. कुत्र्याला चालती ती माझ्या लेकीला का नको, म्हटलं. कालपास्नं अंग तापलंय तिचं. डोळं लाल. दात येत आसतील, न्हाई? दातच आसतील की?

आल्या बघा केशरक्का, हाक मारतायत तुम्हाला. जाऊ नका — उभी ऱ्हाऊ दे तिला कुत्रं घेऊन. तुम्ही ढोरांचे आसला तरी चालतंय. हिकडं या, वाकून या, दार बुटकं हाय. पाळणा हितं—