ठकीचं पेन्शन

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, म्हणजे सांगायचं म्हणून सांगते, सातारा काही मी पाहिलेला नाही. माझ्या सासऱ्यांचे आजोबा गायकवाड सरकारच्या पागेत घोड्यांकडे होते, त्यांना इकडे बडोद्याजवळ सावली गावाकडे जमीन मिळाली, मग पागा गेली, घोडे गेले, जमीन तेवढी राहिली, थोडी आहे पण आहे. गावात मराठी घर आमचं एकटंच. मालक होते तोवर घरात मराठी चालायची. ते गेले, सून आली ती गुजराती, गुणाची आहे हो, रोज माझ्या पायांना तेल लावते, पण तिच्याशी बोलता बोलता आमचा सुधीर माझ्याशीही गुजरातीच बोलायला लागला, बा, जमी लो, म्हणजे आई, जेवून घे, असं. मग मी मराठी बोलणार कुणाशी? ठकीशी. ठकी म्हणजे आमची गाय, आणि काय सांगू तुम्हाला, तिला दुसरी भाषाच येत नाही.

तर ठकी म्हातारी झाली, दूध आटलं. सुधीर कारखान्यातून दमून येतो, त्यात चारा महाग. एक दिवस म्हणाला, बा, हवे एने पांजरापोळमां मूकी आवीए. पांजरापोळात सोडायचं म्हणे. त्याचंही चुकत नव्हतं, पण मी दिवसभर ठकीपाशीच बसून राहिले.

तेवढ्यात ग्रामसेवक आले, म्हणाले, जो खताच्या गोणीशिवाय, गाईच्या शेणा-मुतावर शेती करील त्याला सरकार एका देशी गाईच्या खाण्यापिण्याचे पैसे देणार, थेट खात्यात. मी विचारलं, साहेब, दूध देत नसली तर? ते हसले, आजी, दूध कोण मागतंय, शेण देते ना? मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना दोनदा चहा पाजला.

पण गाईच्या कानात बिल्ला हवा, आणि सोबत सुधीरचा फोटो, कारण जमीन त्याच्या नावावर. बिल्लेवाला आला नेमका तेव्हा मी बडोद्यात, डोळ्याचं ऑपरेशन करून रावपुऱ्यात नणंदेकडे पट्टी बांधून पडलेली. त्याला बघून ठकीनं दावं तोडलं आणि एरंडात शिरली. सगळं गाव गुजरातीत आव आव, ये ये करतंय, ती आणखी आत. बिल्लेवाला म्हणे मी चाललो. सुधीरनं मला फोन लावला, बा, शुं करुं? मी म्हटलं, अरे, तू लहान असताना मी तुला बोलवायचे तशी हाक मार. फोन तसाच चालू राहिला आणि मला ऐकू आलं, ये गं बाई, ये माझी राणी, भूक लागली का गं तुला. किती वर्षांनी त्याची मराठी ऐकली मी. नणंद ओरडली, रडू नको, डोळा बिघडेल. ठकी आली, बिल्लाही लागला.

आता पैसे येतात, कधी उशिरा, पण येतात. सुधीर त्याला ठकीचं पेन्शन म्हणतो. ज्यानं कुणी ही योजना काढली त्याला देव उदंड आयुष्य देवो. माझ्याशी सुधीर अजून गुजरातीच बोलतो, पण कामावरून आला की आधी गोठ्यात जातो. काल मी दाराआड उभी होते, तो तिला सांगत होता, दंगा करू नको गं, आईला बरं नाहीये. मला बा म्हणतो, तिच्यापाशी आई म्हणतो.