हसमुखभाईच्या शटरवरचा बुवा

मी गोडदेवचा, बाप मिठागरावर राबला आणि मी असा दिवटा निघालो की फावड्याऐवजी ब्रश धरला, दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो. काय सांगू तुम्हाला, एका शुद्ध शाकाहारी खानावळीच्या पाटीवर शोभेला म्हणून मी कोंबडी काढली होती, मालकानं शिडी हलवून मला खाली आणला. असल्या चुका माझ्याकडं पोत्यानं हायेत.

तर आमच्या गावात शिमग्याला कुणाचं तरी सोंग काढायची रीत. मी दरवर्षी एकाचं चित्र काढायचो, आणि ज्याचं काढलं त्यानं हसायचं, रागावला तर पुढच्या वर्षी परत त्याचंच. एकदा पोलीस पाटलाला रेड्यावर उलटा बसवला, तर तो स्वतः येऊन म्हणतो, अरे मेल्या, रेडा माझ्यापेक्षा देखणा काढलास की. ते गाव आता बिल्डिंगींच्या मधी कुठंतरी हाय, पण मला वाटलं रीत शाबूत हाय.

यंदा काढला एक बुवा. जेसल पार्ककडं त्याचं प्रवचन चालतं, आवाज आमच्या मोरीपर्यंत येतो. मी त्याला भोंग्यावर झोपवला, पोट उघडं, खाली भक्त पाय चेपतायत. काढला कुठं, तर हसमुखभाई टेलरच्या शटरवर, सणाला त्याचं दुकान बंद असतं म्हणून. विचारलं न्हाय त्याला. तीस वर्षं एका कटिंगमधला अर्धा-अर्धा चहा पितोय आम्ही, त्याला काय विचारायचं? जुनी माणसं पोट धरून हसली. पण कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत, ज्यांना आमचा शिमगा ठाऊक न्हाय त्यांच्याकडं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसमुखभाई आला, चित्र बघून हसला, पुसायला फडकं ओलं करतोय तेवढ्यात दहा-बारा मोटारसायकली. मी समोरच्या गच्चीवर. किसने बनाया ये? तो म्हणाला, भाई, मेरेको नहीं मालूम. मालूम होतं हो त्याला, माझी रेघ तो डोळे मिटून ओळखेल! त्यांनी शिलाई मशीन रस्त्यावर आपटली, मग सळई काढली, मग त्याचा उजवा हात. आणि मी, गावभर लोकांची टिंगल करणारा शूरवीर, पाण्याच्या टाकीमागं बसलो. लेंगा तेवढा ओला झाला. लिहा तुमच्या वहीत, तसंच लिहा.

मुलगी म्हणते, बाबा, चित्र काढणं गुन्हा नाही, हात मोडणं गुन्हा आहे. बायको म्हणते, गंमत तुमची आणि प्लास्टर दुसऱ्याला. मला दोघींचं पटतं, म्हणून झोप लागत न्हाय. त्यात त्या लोकांनी उलटी तक्रार केली, की टेलरनंच मुद्दाम चित्र काढून घेतलं. म्हणजे हात मोडलेलाच आत जाणार. त्याला वाचवायचा तर मी लिहून द्यायचं, की काढलं मी, त्याला न विचारता. आणि दिलं की माझं नाव त्यांच्या हातात.

आठ दिवस मी घरात लपलो, दाराची बेल वाजली की मोरीत. शेवटी हसमुखभाईला बघायला गेलो. तो गळ्यात हात अडकवून बसलेला. म्हणाला, पेट अच्छा बनाया था तूने बुवा का. मी हसायला गेलो, तर म्हणतो, पर पूछना था, यार.

बस, एवढंच. हात त्यांनी मोडला, ते पाप मी माझ्या अंगावर घेणार न्हाय, कुणी कितीही सांगो. पण शटर माझं नव्हतं हो.

आज सकाळी चौकीत लिहून दिलं. हवालदार म्हणाला, काका, नीट विचार केलात ना, कागद त्यांचा वकीलपण वाचणार. मी म्हटलं, सही कुठं करू? जन्मभर लोकांची नावं सरळ रेषेत रंगवली, माझं स्वतःचं तीन ठिकाणी वाकडं आलं.

तुम्ही ऐकून घेतलंत, तुमच्या पोराबाळांचं भलं होवो. निघा आता. पण थांबा जरा, खाली गाडी कुणाची थांबली ती आधी मला खिडकीतून बघू द्या.