ओठांची फ्रेंच

लूमची, म्हणजे आमच्या यंत्रमागांची ती खटखट अजून कानात आहे बघा. तिच्यात माणसाचा आवाज बुडायचा, म्हणून आम्ही कारागीर नुसते ओठ हलवून बोलायचो. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. माझी लेक सुनंदा सुरतेच्या कॉलेजात नव्यानं फ्रेंच शिकत होती. डबा घेऊन आली की लूमपाशी उभी राहून मला वाक्यं म्हणून दाखवायची, तीही तशीच, बिनआवाजी.

तिच्या तोंडी परीक्षेला मी पाळी संपवून थेट वर्गाच्या दाराशी गेलो. नापास झाली तर कॉलेज बंद, असं माझ्या थोरल्या भावानं बजावलं होतं.

फ्रेंचच्या मॅडमनी काहीतरी विचारलं. सुनंदा घाबरली आणि नुसते ओठ हलवू लागली.

"जोरथी बोल बेटा, नहीं तो नापास!" मॅडम म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "बाई, बोलतेय ती. आम्ही लूमवर असंच बोलतो."

"अरे, आ तो लूमवाळानी छोकरी!" मागची एक मुलगी म्हणाली. लूमवाल्याची पोर म्हणून सगळा वर्ग हसला.

सुनंदानं माझ्या सदऱ्याला चिकटलेल्या धाग्यांकडे पाहिलं आणि ओठांतलं तेच वाक्य खणखणीत म्हटलं.

"पास," मॅडम म्हणाल्या.

ती दाराशी आली. मी सवयीनं तिच्या ओठांकडे पाहिलं. ते मिटलेले होते. तशीच ती, ओळख न दाखवता, माझ्यासमोरून निघून गेली.