शेजारची खोली

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर यायला वेळ होता. एक आई झोपलेल्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या बाकावर एक निवृत्त सैनिक आपल्या भाच्याशी बोलत होते. कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांचा आवाज चांगलाच चढलेला होता.

"मामा, हा हेडफोन लाव. आम्ही बनवतोय त्या गेममधल्या बंदुकीच्या सायलेन्सरचा आवाज आहे. खरा वाटतो?"

"हॅट्! सोड्याची बाटली उघडलीस की काय?"

"मग खरा कसा असतो?"

"दार आपटल्यासारखा. आवाज दबतो रे, नाहीसा होत नाही."

"म्हणजे शेजारच्या खोलीतलं कुणी जागं होईल?"

"झालं होतं."

"कोण?"

"ज्याला गोळी घातली, त्याची पोरगी. असेल चार वर्षांची."

"मामा, हळू. लोक ऐकतायत."

"खरं पाहिजे म्हणालास ना? डोळे चोळत आली आणि बापाला हलवून उठवायला लागली. आम्ही तिच्यासमोरून निघून आलो."

पुढच्या बाकावरच्या आईने बाळाचं टोपडं कानांवर ओढलं.

नर्सने मामांचा नंबर पुकारला. त्यांना ऐकू गेला नाही. भाच्याने दंडाला धरून उठवलं.

"मग गेममध्ये काय करू, मामा?"

"आवाज खरा ठेव. शेजारची खोली तेवढी रिकामी ठेव."