अक्काची बॅट आणि सकाळची बन्नी

नाही, पण मला सांगा, बॅटीचा रंग खरवडला म्हणजे काय मी दरोडा घातला? तुम्हाला सांगतो, दरोडासुद्धा बरा होता... कारण बॅट कुणाची? अक्काची!

रूपाअक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धारवाडला शाळेत पी.टी. शिकवते, तिनं शिट्टी फुंकली की रस्त्यावरची माणसंसुद्धा रांगेत उभी राहतात! दर आयुधपूजेला, म्हणजे तुमच्या खंडेनवमीला, ती आमच्या जुन्या हुबळीच्या घरी येते, माझ्या दुकानाच्या तराजूशेजारी ही बॅट ठेवून हळदकुंकू वाहते आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याच बॅटीनं एक चेंडू टोलवते. बॅट तरी कसली? लाल-निळा रंग थापलेली जत्रेतली स्वस्त फळी! पण अप्पांनी, आमच्या वडिलांनी, घेऊन दिलेली, आणि अप्पा आता नाहीत. मला वाटलं, रंग काढू, लाकूड चमकवू, अक्का खूश होईल. बायको म्हणाली, "अहो, अक्कांची वस्तू, कशाला नसती उठाठेव?" मी म्हटलं, "पल्लवी, तुला त्यातलं काय कळतंय!" ...कळत होतं हो तिला. सगळं कळत होतं.

लावलं रिमूव्हर. रंग पापडासारखा फुगला, पत्र्यानं खरवडला, मी आपला गुणगुणतोय... आणि खाली काय? लाकूड? छे! लांबी! भिंतीला भरतात ती! ती घासली, तर खाली भेग, टोकापासून थेट दांड्यापर्यंत! म्हणजे इतकी वर्षं त्या बॅटीला नुसत्या रंगानं धरून ठेवलं होतं! पत्रा टाकून मी आधी दार लावून घेतलं. कारण बॅट कुणाची? अक्काची!

भेगेत गोंद भरला, सुतळीनं करकचून बांधली, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासली, भेग दिसते म्हणून आणखी घासली, घासता घासता बॅटीचं झालं उलथनं! वर अळशीचं तेल, वर वॉर्निश. इतकी देखणी दिसायला लागली, की मलाच तिची भीती वाटायला लागली.

अक्का आली. "येनो इदु? काय रे हे? ही आपलीच बॅट?" मी घाम पुसतोय. "छान केलीस रे, श्रीवत्सा!" त्यात पूजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून तेवढा वाचलो. पण उद्या?

मग सुचलं... बन्नी! आमच्याकडे दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं मोठ्यांच्या हातात द्यायची, पाया पडायचं, मागचा सगळा राग तिथंच संपला! दसऱ्याला सकाळी अक्का तोंड धुऊन बाहेर येतेय, तोच मी पायावर लोटांगण! "अक्का, बन्नी घे, बंगारदंग इरोण! सोन्यासारखं राहूया, मागचं मनात धरू नकोस!"

पल्लवी म्हणाली, "अहो, बन्नी संध्याकाळी देतात ना?" थांबायला वेळ कुणाला होता! अक्का म्हणाली, "नाही धरत रे बाबा, ऊठ!" सुटलो!

चेंडू मीच टाकला, अगदी अलगद... अक्कानं बॅट फिरवली... खाड्! फळी उडून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर आणि दांडा अक्काच्या हातात. अक्का दांड्याकडे बघतेय, डोळे भरलेले... शिट्टी परवडली हो, ते डोळे नकोत! मी लांबूनच ओरडलो, "अक्का, बन्नी घेतलीस हं तू! मनात धरायचं नाही!"

ती दांडा घेऊन सावकाश चालत आली. म्हणाली, "बन्नी घेतली तेव्हा बॅट अख्खी होती, श्रीवत्सा. संध्याकाळपर्यंत थांबला असतास, तर हेसुद्धा त्यात गेलं असतं!"

आता काय? धारवाडची बस दिसली की दुकानाचं शटर खाली ओढतो, आणि आत अंधारात बसून पुढच्या दसऱ्याची वाट बघतो... संध्याकाळची!