व्यंकटरावाची बिअर आन् माझा ठेचा

न्हाई, मला एक सांगा, हुरड्यासंगं माणूस काय खातं? लसणाची चटणी खातं, तिळाची खातं, दही खातं, गुळाचा खडा खातं, आगटीत भाजलेल्या वांग्याचं भरीत खातं, वरून गार ताक पितं आन् बोरीच्या सावलीला आडवं होतं! झालं का न्हाई? आमच्या ताडकळसच्या शिवारात माझ्या सासूच्या सासऱ्यापासून असाच हुरडा खाल्लाय, कुणी कधी म्हणलं न्हाई की बाई, ह्या हुरड्याला जोड चुकली... पण आमच्या केशरला बघायला पाव्हणे आले ना, त्यातला तो पोराचा मामा, व्यंकटराव, त्यानं धुऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, "ज्वारी कोणती? गूळभेंडी का सुरती?" मला वाटलं, वा! जाणता माणूस दिसायलाय. मी पदर सावरून म्हणलं, "गूळभेंडी हाय, दादा." तर त्यानं डोळे मिटले, एक कणीस नाकाला लावलं आन् म्हणतो कसा, "मंग ह्याला गव्हाची बिअर लागंल."

बिअर! माझ्या शेतात! तुमाला सांगते, माझ्या हातात आगटीतलं पेटतं लाकूड होतं... पण मी गप. पोरीची आई हाये ना मी, गप बसायचं.

तुमी म्हणताल, धुरपताबाई, बाटलीच ती, एवढं काय? अहो, मी कोण हाये ठाऊक हाय का तुमाला? मागच्या साली गावातल्या बाया घेऊन हातभट्टीची मडकी फोडली ती मीच की! चौथी शिकलेली बाई, पण फौजदारापुढं उभी राहून म्हणलं, "साहेब, तुमच्यानं होईना म्हणून आमी फोडली, लिहा काय लिहायचं ते!" तवापासून पिणारा माणूस माझ्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन जातो, आवाज नको म्हणून. आन् माझ्याच बोरीखाली, मीच हांतरलेल्या सतरंजीवर, बाटल्यांचं खोकं! वर तो मामा मलाच म्हणायलाय, "बाई, जरा हळू ठेवा, हलली की फेस बिघडतो."

गप का बसले विचारा. केशरची दोन स्थळं मोडली होती. पोरीत खोट न्हाई, घरात खोट न्हाई. मोडली का? तर म्हणे, "पोरीची आई लय तोंडाळ हाय!" आता मी तोंडाळ हाये का? खरं बोललं की तोंडाळ! आन् हे तिसरं स्थळ म्हंजे असं की, पोरगा बन्सीधर, परभणीला कृषी विद्यापीठात नोकरीला, सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाई. बाप लहानपणीच गेलेला. आई नर्मदाबाई, आन् तिच्या घरातला सगळा कारभार ह्या भावाच्या हातात. मामा व्हय म्हणला तर व्हय, मामा न्हाई म्हणला तर उठा! एकदा यायचे ठरले तर औरंगाबादेत विद्यापीठाच्या नावावरून बंद, एस्ट्या जागच्या जागी. दुसऱ्यांदा आले ते हुरड्याच्या निमतानं. आदल्या दिवशी आमच्या मालकानं माझ्यापुढं हातच जोडले, "केशरच्या माय, उद्या एक दिवस जबान आवर. एकच दिवस. परवा माझ्यावर दुप्पट काढ."

म्हणून गप!

आता हा व्यंकटराव करतो काय, तर औरंगाबादच्या बाजूला बिअरच्या कारखान्यात चव बघतो. पगार घेऊन! सकाळी उठायचं, आंघोळ करायची, देवाला हात जोडायचे आन् प्यायला जायचं, आन् महिन्याला वरून पैसे! असल्या नोकऱ्या असतात म्हणे. तिथं कुणी जर्मन साहेब मशीन बसवायला आला होता, त्यानं ह्याला नादी लावलं. मंग ह्यानं कारखान्याच्या कोपऱ्यात बारक्या बारक्या पिंपात आपल्या हातानं वेगवेगळी काढायला सुरुवात केली. एक गव्हाची. एक काळी, सातू करपेस्तोवर भाजून केलेली. एक गूळ घातलेली. एक हलकी, पाण्यावाणी. आन् एक कडू, कडू म्हंजे कडुनिंबाला लाज वाटंल अशी. बाटल्या सगळ्या एकसारख्या, खाकी काचेच्या, झाकणं सारखी. वर ह्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, पिठाच्या खळीनं चिकटवलेल्या.

आन् बोलणं काय विचारता! आमचे मालक पुढ्यात मांडी घालून बसलेले, जसं काय पोथीला बसलेत, आन् हा सांगायलाय, "आश्रुबा, बिअर म्हंजे दारू न्हवं हो! ते जेवणाचं अंग हाय. आता हा कवळा हुरडा. ह्याला दुधासारखी गोडी हाय का न्हाई? मंग त्याला गव्हाची पाह्यजे, ढगाळ, मऊ... ती गोडीला दाबत न्हाई, मांडीवर घेती. तळलेल्या माशाला हलकी, ती तेल धुऊन टाकती, दुसऱ्या घासाला जीभ परत कोरी! भरीताला काळी. वांग्याला धूर, तिला धूर, दोघं सख्खे भाऊ. ठेच्याला गुळाची. आन् एक लक्षात ठेवा..." असं म्हणून त्यानं बोट वर केलं, "कडूसंगं तिखट कधीच न्हाई! कडू तिखटाला पेटवतं!"

आमचे मालक म्हणतेत, "बराबर हाय." काय बराबर हाय? ह्या माणसानं जिंदगीत चहाशिवाय काय पिलं न्हाई! नर्मदाबाई तिकडं पदराच्या आड बसलेल्या, ना हूं ना चूं. बन्सीधर ढेकळं मोजायलाय. केशर कडब्याच्या गंजीमागं भाकरी थापायली. मी मासा तळायले, येलदरीच्या धरणावरून मागवलेला, ताजा. तोंडात पदराचा बोळा. गप!

मंग मामा म्हणला, "गार पाह्यजेत. तुमच्याकडं सोय काय?" शेतात काय सोय असती हो? आमच्याकडं टरबूज कसं गार करतेत, दुधाची चरवी कशी ठेवतेत? पोत्यात घालायची, पोतं दोराला बांधायचं, दोर विहिरीत सोडायचा. मालकानं तेच केलं. पुसाचा महिना, विहिरीचं पाणी म्हंजे हाडात शिरणारं. मामा इतका खुश झाला, म्हणला, "शाब्बास, आश्रुबा! जर्मन साहेबालासुद्धा हे सुचलं नसतं!"

नसतंच सुचलं. शहाणा होता ना तो.

हुरडा भाजून झाला, चोळून झाला, पत्रावळी मांडल्या, पानात मासा पडला, ठेचा पडला, भरीत पडलं. मालक ऐटीत गेले, पोतं वर वढलं, बाटल्या आणून मांडल्या सतरंजीवर वळीनं. आन् मामाचं तोंड... तुमाला सांगते, वरात दारात आलीय आन् घोड्यावर नवरदेवच न्हाई, असं तोंड! सगळ्या बाटल्या नागड्या! एकीवर चिठ्ठी न्हाई! मी विहिरीत डोकावून बघितलं, तर चिठ्ठ्या वर तरंगायल्या झ्याक, मासोळ्या त्यांची खळ खायल्या. "काळी" दिसायली, "गव्हाची" दिसायली, "कडू" तर अगदी पायरीजवळ येऊन थांबलेली. नावं सगळी पाण्यात, अंगं सगळी सतरंजीवर! कुठलं नाव कुणाचं, कुणी सांगावं?

मला हसू आलं हो! पण हसणंसुद्धा बोलण्यातच मोजतेत आमच्याकडं. गप.

मामा म्हणला, "काळजी न्हाई. व्यंकटराव म्हणतेत मला." एक बाटली उचलली, उन्हाकडं धरली, कानाशी नेली, पोटुशीच्या पोटावरून हात फिरवावा तसा हात फिरवला. "हीच गव्हाची." आमचे मालक लगेच, "व्वा, झाकणातून गव्हाचा वास यायलाय!" फटकन झाकण उडालं, पेल्यात वतली... काळीकुट्ट! काकवीवाणी! आता मालक, कुलूप मला लावलं, तुमच्या तोंडाचं काय?

मामानं ती हुरड्यासंगं घेतली. तोंड वाकडं. म्हणला, "हुरडा मेला." मेला? माझा गूळभेंडीचा हुरडा मेला? गप, धुरपता, गप... मंग माशाला हलकी म्हणून फोडली, ती निघाली गव्हाची. हुरड्याची माशाला! मंग गुळाची म्हणून फोडली, ती निघाली हलकी. ह्याचा पारा चढायलाय, पेल्यांची रांग वाढायलीय, अन्न गार व्हायलंय. आन् गार अन्नासारखा अपमान न्हाई रांधणारीला! घास घ्यावा, चाखावा, बरं-वाईट म्हणावं. हा घासाकडं बघतच न्हाई, बाटलीचं बुड बघायलाय.

शेवटी एक बाटली हातात घेऊन म्हणला, "आता न्हाई चुकायचो. रंग बघा. ही गुळाचीच. आणा ठेचा!" आन् भाकरीच्या चतकोरावर माझा ठेचा घेतला, हिरव्यागार लवंगी मिरचीचा, लसूण घालून तव्यावर रगडलेला... बोटाएवढा न्हाई हो, चांगला लिंबाएवढा! टाकला तोंडात. वरून पेला लावला तोंडाला आन् अर्धा रिकामा केला.

कडू होती.

अहो, काय सांगू! आधी त्याचे कान लाल झाले. मंग डोळे. मंग असा उठला, जसा इंचवावर बसला होता. धोतराचा सोगा एका हातात, पेला दुसऱ्या हातात, बोरीभोवती चकरा! "पाणी! पाणी!" पाणी दिलं. "दही!" दही दिलं. हुरड्याचा आख्खा बुकणा तोंडात कोंबला. आन् दम आला तशी तोफ वळली माझ्याकडं! "ठेच्यात काय घातलंय ह्या बाईनं? माणसाला मारायचा बेत हाय का? असल्या घरची पोरगी आपल्याला नको! नर्मदे, ऊठ! बन्सीधर, चल!" आन् पाठ करून उभा राहिला, रुसून.

मालक रडकुंडीला. टोपी हातात घेऊन त्याच्यामागं, "पाव्हणं, माफी करा, बाईमाणूस हाय, चुकलं..."

चुकलं?

तोंडातला बोळा मी काढला. तुमाला सांगते, काढला न्हाई, आपोआप पडला! म्हणलं, "कुणाचं चुकलं? हां? कडूसंगं तिखट न्हाई म्हणून बोट कुणी वर केलं होतं? पिलं कुणी? तुमच्या चिठ्ठ्या पाण्यानं सुटतेत, त्यात माझ्या मिरचीचा काय गुन्हा? पहाटं उठून मी रांधलंय, पोरीनं भाकरी थापल्यात, तुमी एका घासाला बरं म्हणलं न्हाई! माझ्या हुरड्याला मेला म्हणलं! हातभट्टीची मडकी फोडणारी बाई हाये मी, फौजदाराला विचारा! सकाळपास्नं तोंड दाबून बसले ते पोरीसाठी. जायचं तर जा! पोरगी माझी घरात राहील, पण जेवणाआधी बाटलीची परवानगी घेणाऱ्या घरात द्यायची न्हाई मला!"

झालं. तिसरं स्थळ गेलं. मालकानं कपाळाला हात लावला.

आन् तेवढ्यात नर्मदाबाई बोलल्या. सकाळपास्नं पहिल्यांदा. "दादा, बस खाली."

मामानं मान वळवली. "काय म्हणलीस?"

"बस म्हणलं. माझ्या घरात सणाला काय रांधायचं, कशासंगं रांधायचं, सगळं तू ठरवतोस. माझ्या सासऱ्याच्या पित्रालासुद्धा म्हणलास, 'नर्मदे, वड्यासंगं हलकी बरी.' मी कधी तोंड उघडलं का? मला उघडताच येत न्हाई रे. म्हणून म्हणते, माझ्या घरात एक तोंड पाह्यजे होतं." आन् माझ्याकडं वळून म्हणल्या, "इहीणबाई, साखर आणा."

इहीणबाई! कानावर इश्वास बसंना माझ्या. आमचे मालक तर टोपी उलटी घालून साखर आणायला पळाले.

मामा बसला की हो खाली! काय करतो? बहिणीनं पहिल्यांदा बस म्हणलेलं! उगं काहीतरी करायचं म्हणून भाकरीचा तुकडा भरीताला लावला, तोंडात टाकला आन् मघाचा तो काळ्या बिअरीचा पेला वढला पुढं. एक घोट घेतला. थांबला. परत घास. परत घोट. डोळे मिटले... आन् बारीक आवाजात, सोताशीच म्हणला, "आरं... जमलं की." असं म्हणला, तुमाला सांगते, इतकं खरं म्हणला, की मला त्याचा रागच राहिला न्हाई. वांगं मी भाजलं होतं ना!

मी पळत गेले गंजीमागं. म्हणलं, "केशर, ऐकलंस का गं? इहिणीला तोंडाची सून पाह्यजे. तुझ्या तोंडावर सोयरीक जुळली, पोरी!" केशरनं माझ्याकडं बघितलं. पिठाचे हात तसेच. आन् मंग माझ्या डोक्यात उजेड पडला... अहो, ही पोरगी आख्खी बापावर गेलीय! शेळी हिचा पदर चघळती, ही शेळीला हड म्हणत न्हाई, पदर संपायची वाट बघती! मी हळूच विचारलं, "तिथं गेल्यावर मामाला चार शब्द बोलता येतील ना गं तुला?"

तिनं मान हालवली. व्हय म्हणली का न्हाई म्हणली, मी सांगते तुमाला, तिला जन्म देणारीला, मलासुद्धा कळलं न्हाई...

आन् तिकडं साखर वाटून झाली होती.